टेम्पो यायच्या आत

सहा-दहाला टेम्पो
पिठाच्या गिरणीपाशी हॉर्न मारतो.
दोनदा.
तिसऱ्यांदा मारत नाही, निघतो.
म्हणजे घरातल्या डोक्यांना मिळून चार मिनिटं,
त्यातली अडीच हर्षालीची.

तिच्या शाळेला दोन वेण्या लागतात,
कानांवर दुमडलेल्या, लाल रिबिनीच्या.
मी तिला गुडघ्यांत धरते, भांग पाडते.
तो जातो वाकडा,
ठिबकची नळी उन्हानं वळते तसा.
ती आरसा मागते, मी देत नाही.
"ओढू नको ना," प्रत्येक पेडाला ती.
"झालंच," प्रत्येक पेडाला मी.
आता एक युक्ती सापडली आहे:
वेण्या रात्रीच घालून झोपवायची,
सकाळी वर उडालेले केस
ओल्या तळव्यानं बसवायचे.
शाळेतल्या बाईंना कळत नाही.
कळत असेल, तर त्यांचीही वेणी रात्रीचीच असणार.

उरलं दीड मिनिट.
मला बघायला आले तेव्हा
सासूबाईंनी अंबाडा सोडायला लावला होता,
गंगावन तर नाही ना, म्हणून ओढूनही पाहिला होता.
तोच पसारा आता एका मुठीत.
पिळायचा, दोन वेढे, टोक आत खोचायचं,
वर सावद्याच्या बाजारातला क्लचर,
दहाचा, एक दात पडलेला.
सकाळी तेल नाही.
पॅकिंगला जाळीची टोपी असते
आणि तेलकट टोपीवर मुकादम तोंड सोडतो.
केळीच्या पेटीत एक केस निघाला
तर अख्खी पेटी परत येते, म्हणतो,
आणि कुठल्याशा देशाचं नाव घेतो
जसा तिथला कुणी
माझा केस चिमटीत धरून उभाच आहे.

एकदा टेम्पोतच क्लचर मोडला.
जोहरा तडवीनं खोडाचं सोपट फाडलं,
ओलं, गार,
आणि माझ्या मानेवर अशी गाठ मारली
की संध्याकाळपर्यंत हलली नाही.
तिचे स्वतःचे केस खांद्याच्याही वर.
होळीच्या आधी कापले.
का गं, विचारलं,
तर म्हणाली, चहा बसून पिते आता.
बस्स एवढंच.
दिवसभर फण्या धुताना
माझ्या डोक्यात तो बसून प्यायलेला चहा.

रविवारी ओट्यावर बसले, पाठीवर जुना टॉवेल,
जोहराच्या हातात शिवणाची कात्री.
हर्षाली मोजत होती, एक वीत, दोन वीत.
सासूबाई दारात आल्या.
"कोन मेलं व माय घरात?"
मी मान हलवली नाही,
हलवली असती तर कान गेला असता.
दोन दिवस त्या माझ्याशी भांड्यांतून बोलल्या.

तिसऱ्या रात्री भाकरी झाल्यावर
पदर डोक्यावरून काढून शेजारी बसल्या.
मागे केसांची नुसती जट,
कधीपासून विंचरलेली नव्हती कोण जाणे.
उजवा हात खांद्यापर्यंत आणून दाखवला,
तिथून पुढे जाईना.
पाडव्यापासून म्हणे.
एवढे महिने पदर खाली का घसरत नव्हता
ते मला तेव्हा कळलं.
"माह्ये बी काप," म्हणाल्या,
"पन त्या तडवीनले बोलाव,
तुह्या हाताचा भांग आम्ही पाह्यला आहे."

आज सहाला दोघी ओट्यावर चहा घेऊन बसलो.
त्या मधूनच मानेवर हात फिरवतात,
डावा.
काही बोलत नाहीत.
कापलेले केस पिशवीत बांधून खुंटीला लावलेत,
केसांवर भांडी देणारा येईल तेव्हासाठी.
माझ्यांवर डबा तरी यावा.
त्यांच्या पांढऱ्यांवर चमचाही देणार नाही तो,
पण त्यांचं म्हणणं, एकत्रच तोलायचे,
आणि डबा आधी त्यांनी पाहायचा.

हॉर्न झाला.
एकदा.